नायगारा सहलीस निघणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, नायगारा धबधबा अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर असल्याने सोबतच्या प्रत्येकाची कागदपत्रे निघण्यापूर्वीच तपासून घ्यावीत. विशेषतः भारतातून आलेले आई-वडील अमेरिकेच्या व्हिसावर असतील, तर त्यांना पलीकडे जाण्यासाठी कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण येऊ शकते. शंका असल्यास अमेरिकेच्या बाजूनेच धबधबा पाहावा. गोट आयलंडवरील टेरापिन पॉइंटला हॉर्सशू धबधब्याचा (नायगाराचा सर्वांत मोठा भाग) काठ अगदी हाताशी येतो, त्यामुळे मन खट्टू करण्याचे कारण नाही. समोरून पूर्ण देखावा मात्र कॅनडातूनच दिसतो, हे मान्य करावे लागेल.

रेनबो पुलावरून पायीही सीमा ओलांडता येते. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग पाहता धडधाकट मंडळींना तेच सोयीचे. मूळ पासपोर्ट जवळ असावा, मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. डब्यातले खाद्यपदार्थ विचारल्यावर खरे सांगावेत. ताजी फळे सीमेपूर्वीच संपवलेली बरी.

धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटी हिवाळ्यात बंद असतात. बोटीवर रेनकोट मिळतो, तरी साडीचा काठ, पायजम्याचे पाय आणि चपला भिजतातच, म्हणून न घसरणारी पादत्राणे व कोरडे कपडे बाळगावेत. अमेरिका व कॅनडा यांच्यातील 1950 च्या करारानुसार वीजनिर्मितीसाठी पाणी वळवले जाते व उन्हाळ्यात रात्री 10 नंतर प्रवाह निम्म्यावर येतो; तेव्हा धबधबा दिवसाउजेडी पाहून घ्यावा.