विहिरीतलं नायट्रेट आणि बागेतलं गंधक

संपादक साहेब, नमस्कार.

आमची वाडी दाभोळ खाडीच्या काठाला. शेजारी होमस्टे झाला, त्याचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून वीसेक पावलांवर, आणि मे महिन्यात पाणी तपासून घेतलं तर नायट्रेट लिटरला ६८ मिलिग्रॅम, मर्यादा ४५ ची. आई म्हणाली उकळून पिऊ. पण उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. बाकी ज्याला विचारावं तो म्हणतो आरओ लावा. लावला, पण त्याचं टाकाऊ पाणी आमच्याच अंगणात मुरतंय, म्हणजे फिरून परत विहिरीत!

गंधकावर जगणारे जीवाणू असतात, थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स हे त्यातलं एक नाव. जिथे ऑक्सिजन नाही तिथे हे नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला चिखलात उतरलेल्या बायकांची चांदीची जोडवी काळी पडतात ना, ते गंधकाच्याच वायूने, आणि असले जीवाणू तसल्याच चिखलात सापडतात. बाहेर देशांत गंधकाचे खडे आणि चुनखडीचा थर करून त्यातून पाणी सोडतात. चुना लागतोच, कारण गंधक खाताना ॲसिड होतं. चुनखडीऐवजी कालवांच्या शिंपल्याही वापरून बघितल्यात. आता गंधक तर आपण आंब्याच्या भुरी रोगासाठी आणतोच, आणि शिंपल्यांचे ढीग बघायचे तर या आमच्याकडे.

म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं एखाद्या शाळेच्या विहिरीवर हे करून बघावं असं मला वाटतं. घरी कुणी करू नका, आणि विहिरीत गंधक तर अजिबात टाकू नका!! कारण काम अर्धवट झालं तर नायट्राइट राहतं, ते जास्त वाईट, आणि बाहेर येणारं पाणी क्लोरीन केल्याशिवाय प्यायचं नाही. सल्फेटही वाढतं, एक ग्रॅम नायट्रोजन काढला की साधारण साडेसात ग्रॅम, पण आमचं ६८ चं ४५ करायला जे २३ मिलिग्रॅम नायट्रेट काढायचं त्यात नायट्रोजन पाचेक मिलिग्रॅमच, म्हणजे सल्फेट लिटरला चाळीसेक मिलिग्रॅमच वाढेल आणि सल्फेटची मर्यादा २०० आहे, तेवढं चालेल.

शोषखड्डा हलवायचं शेजाऱ्यांशी बोलणं झालंय. गणपतीनंतर बघू म्हणाले, कुठल्या वर्षीचे ते नाही सांगितलं.

आपला एक वाचक,
गुहागर तालुका