प्रौढांसाठीही वर्ग भरावेत

महोदय,
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. मलिद्याचे ताट मांडून प्रेषित एलियाहू हन्नाबींचे नाव घेतो, शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा) दिवा लावतो. पण नातवाने ‘हे का?’ विचारले की माझ्या पिढीतले पुष्कळजण गप्प होतात. लहानपणी प्रार्थनांची हिब्रू भाषा वाचायला शिकलो, अर्थ मात्र राहून गेला. सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) आठवड्यातून एकदा मोठ्यांसाठी वर्ग भरावा, तोही मराठीत. साधने आपलीच आहेत. १८७४ साली पुण्यात हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह छापली गेली. आब्राहाम, योसेफ या आमच्या धर्मग्रंथातील पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तने होत. जुनी मराठी गीते आजही काही आजींना पाठ आहेत. पहिला वर्ग त्यांनाच घेऊ द्यावा, आणि तो याच वर्षी.
– एक वाचक, ठाणे