रानपिंगळा शिवून झाला गं

प्रिय ठमे,

काय वं, कशी शेस? तीन आठवडे तुझे फोन उचलले नाहीत म्हणून रागावली असशील, आणि रागव, तुझा हक्कच आहे तो. पण कारण आत्ता माझ्यासमोर टेबलावर बसलंय. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत २३ सेंटिमीटर, खऱ्याइतकाच, पिवळ्या डोळ्यांनी एकटक बघतोय. रानपिंगळा, जंगलातलं छोटं घुबड. आपल्या शहाद्याचा.

तुला आठवतं का बघ, १९९७ चा नोव्हेंबर. आपण सहावीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच लागली होती आणि आपण दोघी वह्यांना कव्हरं घालत बसलो होतो, तेव्हा आपल्या गावापासून जवळच्या जंगलात तीन अमेरिकन पक्षीतज्ज्ञ, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट, एका झाडावर बसलेल्या या पक्ष्याकडे दुर्बिणीतून बघत होते. ११३ वर्षं कुणी पाहिला नव्हता गं याला. सगळं जग तो संपला असं धरून चाललं होतं, आणि तो आपल्या सातपुड्यात फांदीवर भरदिवसा ऊन खात बसला होता. गावात आपल्याला कुणी सांगितलंच नाही. मला हे कळलं तेव्हा मी पस्तिशीची होते. त्या दिवसापासून डोक्यात होतं की हा पक्षी आपल्या हाताने करायचा, आणि नुसता गोंडस घुबड नाही, ओळखता येईल असा रानपिंगळा.

सुरुवात शाडूपासून केली. गणपतीची उरलेली माती होती, तिचा आधी अख्खा पक्षी घडवला, फोटो समोर ठेवून मापं घेत घेत. मग त्यावर स्वयंपाकघरातली ती पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली, वरून मास्किंग टेप चिकटवली आणि पेनने शिवणीच्या रेषा काढल्या, कुठे पाठ संपते कुठे पोट सुरू होतं. त्या रेषांवर कात्री चालवून टेप सोलली की तुकडे सपाट होतात आणि तोच पॅटर्न. जिथे सपाट व्हायला नकार देतात तिथे डार्ट, म्हणजे शिवणीत चिमटा घ्यायचा, म्हणजे छातीशी आणि गालांशी. हे जमलं ना तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

कापड आखूड लवेचं फर, तपकिरी आणि मोतिया पांढरं. कापताना कात्री नाही वापरायची, कटरने मागची फक्त जाळी कापायची, लव तशीच राहू द्यायची, नाहीतर शिवणीवर टक्कल दिसतं. आणि लवेची दिशा! प्रत्येक तुकड्यावर मागून बाण काढायचा, डोक्याकडून शेपटीकडे. माझा उजवा पंख उलटा बेतला गेला, शिवून झाल्यावर उजेडात धरला तर दोन पंखांचा रंगच वेगळा, एकच कापड असून. उसवला, नवीन बेतला.

तू विचारलं होतंस मशीन असताना हाताने का. अगं एवढ्याशा वळणावर मशीनचं पाऊल फिरतच नाही, आणि फर निसटतं. हाताने प्रत्येक टाक्याला सुईच्या टोकाने लव आत ढकलता येते, बॅकस्टिच अगदी जवळजवळ, आणि उलटल्यावर शिवणीत अडकलेले केस टाचणीने बाहेर काढले की शिवण नाहीशी होते. पाठीचं तोंड बंद करायला आईची ती गादीची शिलाई घातली, इकडून एक तिकडून एक घेत जायचं आणि शेवटी दोरा ओढला की दोन्ही कडा मिटतात. आईच्या हातचं इतकं काही आपण शिकलो नाही, पण हे शिकले.

आत रिक्रॉनचा कापूस भरलाय, चिमूट चिमूट, जुन्या ब्रशच्या मागच्या टोकाने दाबत, आणि बुडाशी धुतलेल्या वाळूची पुरचुंडी. त्यामुळे हातात घेतलास की भार जाणवतो. डोळे बसवल्यावर दुहेरी दोरा डोक्यातून आरपार, एका डोळ्यामागून दुसऱ्या डोळ्यामागे, आणि हलकेच ओढायचा. डोळे आत जातात, वर भुवईची कड उठते, आणि बाहुलीचा एकदम पक्षी होतो. मी रात्री दीडला तो दोरा ओढला आणि मला खरंच कुणीतरी बघतंय असं वाटलं.

पण खरी अडचण वेगळीच झाली. आपल्याकडे शेवग्यावर बसतो तो साधा पिंगळा मी जन्मभर पाहिलाय, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. हाताला तीच सवय. मी फॅब्रिक कलरने रानपिंगळ्याच्या डोक्यावर छान ठिपके काढले, सुकवले, लांबून पाहिलं, आणि पोटात गोळा आला. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधंच असतं गं, ठिपके असलेच तर अगदी पुसट. फरावरचा रंग काही निघत नाही. अख्खं डोकं उसवलं, सहा तुकडे, पुन्हा बेतलं. यावेळी ब्रश धुऊन डबीत ठेवून दिला आणि डोक्याला हातच लावला नाही. छाती मात्र भरीव तपकिरी, खाली पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेले, चड्डी घातल्यासारखे. बोटं तारेची, दोन पुढे दोन मागे. चोच एमसीलची, साध्या पिंगळ्यापेक्षा जाड.

आता तुला ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं. हा पक्षी १८७३ मध्ये ह्यूमने पहिल्यांदा नोंदवला, तोच काँग्रेसवाला अ‍ॅलन ह्यूम. सगळ्या जगातल्या म्युझियममध्ये मिळून याचे भरून ठेवलेले सातच नमुने होते, आणि शेवटचा खरा १८८४ चा. पण एकावर चिठ्ठी होती १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, मिळवणारा मायनर्टझहागन नावाचा इंग्रज कर्नल. पुढे शोधणाऱ्यांनी त्या पत्त्यावर भरवसा ठेवला, सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ले यांनीही शोधलं, सापडला नाही. कसा सापडेल, चिठ्ठीच खोटी होती! त्या माणसाने म्युझियममधला जुना पक्षी चोरला होता, आतलं काढून पुन्हा भरला होता, आणि आपलं नाव लावलं होतं. तो मूळचा जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात मिळवलेला. रासमुसेनबाईंनी हे ओळखलं कशावरून? तो पक्षी भरण्या-शिवण्याच्या खुणांवरून. आतल्या धाग्यांची तपासणी एफबीआयच्या प्रयोगशाळेत झाली. वरून सगळं नवं केलं तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा आत राहून गेल्या होत्या. मग त्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता खऱ्या जागा धरून शोध घेतला, आणि शहादा.

मी हे वाचल्यापासून माझ्या शिवणीकडे वेगळ्याच नजरेने बघते. कुणी कधी हा पिंगळा उसवला तर आत माझे टाके सापडतील, डावीकडे झुकलेले, कारण माझं अंगुस्तान सैल आहे.

आणखी एक. लहानपणी पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा जोशी यायचा ना, कंदील घेऊन, त्याला पिंगळ्याची भाषा कळते म्हणायचे. आजी त्याला पसाभर ज्वारी घालायची आणि तोच पिंगळा पक्षी झाडावर रात्री ओरडला की मात्र ‘नको ते’ म्हणून दार लावायची. अजूनही जादूटोण्यासाठी घुबडं मारतात, आणि जंगलाची झाडंही तुटतायत, ज्यांच्या ढोलीत हा घरटं करतो. मेळघाटात, तानशात सापडलाय पुढे, २०१८ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झालाय, पण संख्या अजून फार थोडी. म्हणून हा तुझ्या लेकीला पाठवतेय. तिने घुबडाला अंथरुणात घेऊन झोपावं एवढंच.

पार्सल शुक्रवारी निघेल. धुऊ नको, ओल्या फडक्याने लव खालच्या दिशेने पूस. तारेची बोटं तिला एकटीला वाकवू देऊ नको. आणि तिला सांग, हा दिवसा जागा असतो, शेपटी डावी-उजवी हलवतो, आणि तिच्या आईच्या गावचा आहे.

तुझीच,
शाळेच्या शेवटच्या बाकावरची मी