नाव तेवढे लिहायचे राहिले आहे

ठाणे,
१२ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र येऊन दोन महिने होऊन गेले आणि मी अजून उत्तर धाडले नाही, याचा तुला राग आला असेल तर तो रास्तच आहे. निवृत्तीनंतर दिवस कसा जातो, असे तू विचारले होतेस. दोन ओळींत उत्तर देता आले असते. परंतु याच दिवसांत एक चित्र माझ्यासमोर आकार घेत होते आणि ते पुरे होत आल्याखेरीज तुला लिहू नये, असे वाटत राहिले. शिवाय त्याचे एक काम तुझ्यावाचून अडले आहे, त्याविषयी शेवटी लिहितो.

धर्मगुरूने वयाची पंचाहत्तरी गाठली की पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, जबाबदारीचा राजीनामा बिशपांकडे द्यावा, असा आमच्या ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्याप्रमाणे मी तो दिला, आणि आता मासुंदा तलावापासून चालत पाच मिनिटांवर एका खोलीत राहतो. पहाटे पावणेपाचला जाग येते. प्रार्थनाग्रंथातली सकाळची स्तोत्रे म्हणतो, साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेला, तरुण फादरांच्या शेजारी वेदीवर उभा राहतो आणि नंतर तलावाला एक फेरी घालतो. त्या वेळी कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा कानी येते. बुधवारी अंथरुणाला खिळलेल्या पाच-सहा जणांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, देतो, शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन ऐकायला बसतो. बाकी न्याहारी, गोळ्या, वर्तमानपत्र.

सर्वांत जड गेले ते किल्ल्यांचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ माझ्या उशाशी किल्ल्यांचा जुडगा असे: चर्चचा मोठा दरवाजा, साक्रिस्ती (वेदीमागची वस्त्रे-पात्रे ठेवण्याची खोली), दानपेटी, शाळेचे कार्यालय, दफनभूमीचे फाटक. आता माझ्याकडे एकच किल्ली आहे, या खोलीची. सुरुवातीचे काही आठवडे रात्री अकराच्या सुमारास उठून दरवाजा नीट लागला आहे ना ते पाहायला मी निघत असे आणि अर्ध्या जिन्यात थांबत असे, कारण तो दरवाजा आता दुसऱ्याच्या हवाली झालेला होता. हे मी कोणाजवळ बोललो नाही. तुला सांगतो आहे.

माझ्या धर्मगुरुपदाला पन्नास वर्षे झाली तेव्हा लोकांनी प्रेमाने एक पाकीट हातात ठेवले. त्यातून काय घ्यावे, याचा मला फार विचार करावा लागला नाही. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचे आयकॉन, म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्तसभांत लाकडी फळीवर जुन्या रीतीने रंगवतात तसे पवित्र चित्र, करून घ्यायचे मी ठरवले. प्लास्टरचे गुलाबी गालांचे पुतळे मी आयुष्यभर पाहिले आहेत. त्यांच्यासमोर लोकांनी मनापासून प्रार्थना केल्या आहेत, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण आपल्या मातीतल्या माणसाला आपल्या मातीचा रंग मिळावा, ही इच्छा फार जुनी होती. येथे काही जणांनी विचारले की, ठाण्यातच १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस हा धर्मप्रचारक आणि त्याचे तीन साथीदार हुतात्मे झाले, तेव्हा चित्र त्यांचे का नको? प्रश्न योग्यच होता. पण ते दूर देशांहून येथे आले होते, आणि हा येथून निघून दूर देशी गेला. माझे मन त्या निघून गेलेल्या मुलामागे जाते.

चित्र रंगवणारी मुलगी कळव्याची आहे. ती ख्रिस्ती नाही; तिच्या घरी आषाढीची वारी आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारले, ‘फादर, हा संत काय काम करायचा?’ चरित्र विचारणारे पुष्कळ भेटतात, काम विचारणारे कोणी भेटत नाही. मी सांगितले की, तो दुभाषा होता. बाप पोर्तुगीज, आई येथली; १५५७ च्या सुमारास वसईत जन्म. कोवळ्या वयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा होऊन पुन्हा जपानला गेला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर संघाचे म्हणणे मांडले गेले ते याच्या तोंडून. १५९६ च्या अखेरीस याच हिदेयोशीच्या हुकमाने ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेल्यांपैकी तो पहिला संत.

फळीची कथा वेगळीच. तिने फळीला सरसाने कापड चिकटवले, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे हात दिले. पण ते दिवस श्रावणाचे, हवेला ओल, आणि आठव्या हातानंतर कोपऱ्यातून पापुद्रे सुटू लागले. तिने सगळे खरवडून काढले आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर मी आठवड्यातून दोन दुपारी तिच्याकडे जाऊन बसू लागलो. अंड्याचा बलक ती या तळहातावरून त्या तळहातावर फिरवून कोरडा करी, मग त्याचा पातळ पडदा दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलून धरी आणि खालून टोची. पिवळा थेंब वाटीत पडे आणि पडदा बोटांत रिकामा राही. त्यात पाणी आणि थोडा व्हिनेगर घालून ती काव आणि पिवडी हे मातीचे तांबडे-पिवळे रंग कालवी. तेजोवलयाच्या जागी तांबड्या मातीचा लेप होता. सोन्याचा वर्ख ठेवण्याआधी ती त्यावर तोंडाने उबदार श्वास सोडी, कारण त्या दमटपणानेच वर्ख चिकटतो. एकदा तिने मला बोलावून म्हटले, ‘फादर, एवढा तुकडा तुम्ही करा.’ मी वाकून श्वास सोडला. उजवीकडच्या खांद्यावरचा बोटभर वर्ख माझ्या श्वासाने बसलेला आहे.

या रीतीत चेहरा काळोखातून उजेडाकडे रंगवतात: आधी गडद थर, मग त्यावर एकेक उजळ थर. चौथ्या थरावर मी तिला थांबायला सांगितले, कारण तो वर्ण मला वसईच्या वाडीत उन्हात काम करणाऱ्या माणसाचा वाटला. तिने ऐकले. वाद झाला तो कानाविषयी. तिने वाचले होते की, आयकॉनमध्ये संत स्वर्गीय वैभवात दाखवायचा असतो, म्हणून तिने कान अखंड काढला होता. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मला ते पटेना. मी तिला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तशिष्य थॉमसचा प्रसंग वाचून दाखवला: पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि त्या व्रणांवरूनच शिष्याने त्याला ओळखले. ज्याचे सारे काम ऐकण्याचे, त्याच्या कानावर घाव घातला गेला. तो पुसून टाकला तर हा गोन्सालो कसला? हे बोलताना माझा स्वर चढला असावा, कारण ती ब्रश खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तुला ठाऊक आहे, माझा डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला. पापनिवेदनाला मी उजवी बाजू आमच्यामधल्या जाळीला लावून बसतो आणि तरीही कधी कधी माणसाला पुन्हा सांगण्याची विनंती करावी लागते. जे एकदा सांगायलाच इतके कष्ट पडतात ते दुसऱ्यांदा सांगायला लावणे, याइतके मला आज दुसऱ्या कशाचे वाईट वाटत नाही.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कानाच्या पाळीच्या जागी कावेची एक बारीक, तिरपी रेघ होती. रक्त नाही, काही नाही. कान तेथे संपतो, एवढेच.

गेल्या सोमवारपासून चित्र माझ्या खोलीत आहे. रंग आतपर्यंत मुरायला काही महिने लागतात. त्यानंतर पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाचा हात देऊन ते चर्चमध्ये पापनिवेदनाच्या जागेजवळ लावायचे ठरले आहे. तोवर पहाटेची स्तोत्रे मी त्याच्यासमोर म्हणतो. रात्री अकराला जाग येते ती अजूनही येते, पण आता जिन्यापर्यंत जात नाही.

आता तुझे काम. संताचे नाव लिहिल्याशिवाय आयकॉन पूर्ण झाले असे मानत नाहीत. ते देवनागरीत लिहायचे हे आमचे दोघांचे ठरले आहे, पण तिच्या मनासारखे वळण साधत नव्हते. मी तुझी जुनी पत्रे तिला दाखवली. शाळेच्या फळ्यावर तू रोज सुविचार लिहीत असस, त्या अक्षराचे वळण अजून तसेच आहे. ती पत्रे तिने बराच वेळ हातात धरली आणि म्हणाली, ‘हेच अक्षर हवे.’ तेव्हा कोऱ्या कागदावर, बोरू असल्यास बोरूने, ‘संत गोन्सालो गार्सिया’ एवढे लिहून पाठव. डावीकडे ‘संत’ आणि उजवीकडे नाव येणार आहे, म्हणून शिरोरेघ दोन्हीकडे एका उंचीवर ठेव. चार-पाच वेळा लिही, तिला निवडता येईल. ६ फेब्रुवारीला सव्वीस हुतात्म्यांच्या सणाच्या मिस्सेत चित्राला आशीर्वाद द्यायचा आहे, म्हणून कागद महिनाअखेरपर्यंत माझ्या हाती पडावा. कुरिअरने पाठवलास तर बरे. घडी मात्र घालू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचे काय झाले, ते त्याच पाकिटात वेगळ्या कागदावर कळव.

तुझा,
वसईचा बालमित्र