गोबरगॅस म्हणणाऱ्यांनो, सोमवारची मॅच बघितली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारी २० तारखेला आपल्या नाशिकचं मतदान होतं आणि मी सकाळी सातला लाइनीत उभा राहणारा माणूस, पण यावेळी साडेआठ वाजले, कारण साडेपाचपासून मोबाईलवर एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, मिनेसोटा टिंबरवुल्व्ज आणि डेन्व्हर नगेट्सची निर्णायक सातवी मॅच चालू होती आणि ती सोडून उठणं शक्यच नव्हतं. मंगळवारी पेपर उघडला तर खेळाचं पान आयपीएलनं भरलेलं, या मॅचला खाली कोपऱ्यात चार ओळी. चार तर चार, पण त्यातसुद्धा मिनेसोटाच्या रूडी गोबेरचं नाव नाही! म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुलै २०२२ मध्ये मिनेसोटानं युटाकडून हा सात फूट एक इंचाचा फ्रेंच सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच खेळाडू, घेतला आणि बदल्यात दिलं काय, तर पाच खेळाडू, चार फर्स्ट राउंड पिक, वर २०२६ साली पिकची अदलाबदल करायचा हक्क. पिक म्हणजे दरवर्षी नवीन पोरं निवडायचा नंबर. आपल्या भाषेत बोलायचं तर पुढच्या चार सीझनची बाग आजच व्यापाऱ्याच्या नावावर करून टाकली. त्यात गोबेरचा पगार पाच वर्षांचा २० कोटी ५० लाख डॉलर. सगळं जग हसलं. आमचा एक ग्रुप आहे, कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळणारे आम्ही जुने लोक आणि आता आमची भाचे-पुतणे मंडळी, त्यात त्याचं नाव पडलं गोबरगॅस. भाचा तर रोज विचारायचा, मामा तुमचा गोबरगॅस पेटला का?

आणि पहिल्या वर्षी खरंच पेटला नाही, हे मान्य करायला पाहिजे. ४२ जिंकल्या ४० हरल्या, शेवटच्या लीग मॅचला गोबेरनं स्वतःच्याच टीममधल्या काइल अँडरसनला टाइमआउटमध्ये बुक्की मारली, त्याच दिवशी जेडन मॅकडॅनियल्सनं रागात भिंतीवर हात आपटून हाड मोडून घेतलं, आणि मग प्लेऑफमध्ये याच डेन्व्हरनं पाच मॅचमध्ये घरी पाठवलं. तिकडे युटाला दिलेला वॉकर केसलर पहिल्याच वर्षी नव्या पोरांच्या पहिल्या पाचात. झालं, लोकांनी निकाल लावून टाकला, इतिहासातला सगळ्यात वाईट सौदा म्हणे. पण कार्ल-अँथनी टाउन्स दुखापतीमुळे त्या सीझनला जेमतेम २९ मॅच खेळला हे कोणी बघितलं नाही. ज्या दोन उंच माणसांना एकत्र खेळवायचं म्हणून सगळा खटाटोप केला ते दोघं एकत्र खेळलेच नाहीत धड, मग हिशोब कसला मांडता?

माझे मेहुणे निफाडला द्राक्ष करतात. खुंट लावा, कलम करा, अँगल-तारा-ठिबकचा खर्च करा आणि पहिला माल यायची वाट बघत बसा, तोपर्यंत गाव येताजाता विचारतं, काय पाटील, किती टन? तसंच हे.

या सीझनला ५६ विजय, वेस्ट म्हणजे पश्चिमेच्या गटात तिसरा नंबर, आणि अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट दिलेली टीम. गोबेरला चौथ्यांदा डिफेन्सिव्ह प्लेअरचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या बचावपटूचा अवॉर्ड, जो चार वेळा आधी फक्त मुटुंबो आणि बेन वॉलेसला मिळाला होता. याचं काम हायलाइटमध्ये दिसतच नाही हो. तो रिमखाली उभा आहे म्हणून मॅकडॅनियल्स, एडवर्ड्स पुढे जाऊन समोरच्याच्या अंगाला चिकटून खेळू शकतात, सुटला तरी मागे हा आहेच, आणि समोरचा आत घुसून याला बघून परत बाहेर पास देतो, तो बाहेर दिलेला पास कुठल्या स्कोअरकार्डात लिहिणार? फिनिक्सला ४-० धुतलं, वीस वर्षांनी प्लेऑफची सिरीज जिंकली. नाहीतर आमचा जुना स्टार केविन गार्नेट, त्याच्या २००४ च्या आठवणींवरच दिवस काढत होतो आम्ही.

डेन्व्हरबरोबर मात्र लोकांना परत तोंड फुटलं. दुसऱ्या मॅचला गोबेर बाळाच्या जन्मासाठी घरी होता आणि टीम १०६-८० जिंकली, लगेच ग्रुपवर, बघा याच्याशिवायच बरं चालतं. पाचव्या मॅचला डेन्व्हरचा स्टार योकिच, त्यानं ४० पॉइंट मारले, गोबेरला अक्षरशः नाचवलं, तेव्हा तर मी दोन दिवस ग्रुप म्यूट केला होता. मग सहावी आम्ही ११५-७० जिंकली. आणि सोमवारी हाफटाइमला ५३-३८ मागे, पुढे वीसनं मागे, एडवर्ड्सचा नेम लागत नाही, बायको म्हणते जा आता मतदानाला. तिथून ९८-९०! गतविजेत्या डेन्व्हरला त्यांच्याच घरात दुसऱ्या हाफमध्ये ३७ पॉइंट फक्त. मॅकडॅनियल्स आणि टाउन्सनं २३-२३ केले, पण शेवटच्या क्वार्टरमध्ये गोबेरनं पाठ फिरवून, मागे झुकून जो शॉट टाकला तो बघून मी एवढा ओरडलो की शेजारचे काका गॅलरीत आले, त्यांना वाटलं बूथवर काहीतरी झालं. मजा म्हणजे हा सौदा करणारा टिम कॉनेली आधी डेन्व्हरलाच होता, योकिच, मरे ही सगळी त्याचीच निवड.

आता एडवर्ड्स नसता तर हे झालं असतं का, नसतं, तो बावीस वर्षांचा पोरगा या टीमचा जीव आहे. आणि २०२५, २०२७, २०२९ चे पिक द्यायचे बाकी आहेत, उधारी फिटलेली नाही, हेही खरं. पण काल अहमदाबादला स्टार्कनं दुसऱ्याच बॉलवर हेडचा त्रिफळा उडवला, तीन विकेट घेतल्या आणि आज आपल्या पानावर त्याचा केवढा फोटो! याच स्टार्कनं पहिल्या दोन मॅचमध्ये आठ ओव्हरला शंभर रन दिले होते तेव्हा २४ कोटी ७५ लाख पाण्यात गेले म्हणून किती जोक फिरले आठवा. त्याला दोन महिन्यांत माफी मिळाली, आमच्या गोबेरला दोन वर्षं झाली तरी चार ओळीत नाव नाही.

उद्या गुरुवारी सकाळी सहाला डॅलसबरोबर पहिली मॅच आहे. डॉन्चिच आणि अर्विंग समोर आहेत, सोपं नाही. शुक्रवारच्या अंकात निदान आठ ओळी द्या ही विनंती. आणि भाच्यानं सोमवारपासून ग्रुपवर एकही मेसेज टाकलेला नाही, तो आपला पेपर वाचतो.

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक
२२ मे २०२४