नानांना ती कॅप्सूल देऊ नकोस

प्रिय मनोज,

तुझं पत्र मिळालं. वजन उतरवायचं मनावर घेतलंस, बरं वाटलं. फायबरच्या कॅप्सूल मागवल्यास आणि 'गॅस होतो का रे?' एवढंच विचारलंस. होतो. पण त्याचं नंतर. शेवटी जाता जाता तू लिहिलंस, 'नानांनाही झोपताना एकेक देईन म्हणतो, त्यांचं पोट साफ होत नाही', ते वाचून मी लगेच लिहायला बसलो. नानांना ती कॅप्सूल देऊ नकोस.

या कॅप्सूलमध्ये बहुधा ग्लुकोमॅनन असतं, कोन्याक नावाच्या कंदातून काढलेलं. काहींत इसबगोल, काहींत गवार गम. सगळ्यांचा गुण एकच, पाणी लागलं की फुगायचं. ग्लुकोमॅनन तर स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट पाणी धरू शकतं. हे जठरात झालं तर पोट भरल्यासारखं वाटतं, त्यासाठीच तर ते घ्यायचं. पण खाली पोचण्याआधी अन्ननलिकेतच अडकून फुगलं तर? घरात इसबगोल असेल तर मोठा चमचाभर घे, पाव वाटी पाण्यात ढवळ आणि दहा मिनिटांनी वाटी तिरकी करून बघ. पाणी सांडत नाही, बुळबुळीत गोळा सरकतो. आणि नाना गोळ्या कशा घेतात ते तुला माहीत आहेच. अंथरुणावर बसून, दोन घोट पाणी, की लगेच आडवे. गिळताना ठसका लागतो असंही तूच मागे लिहिलं होतंस. ज्यांना गिळायला त्रास आहे, अन्ननलिका किंवा आतडं कुठे अरुंद झालंय, त्यांच्यासाठी ही चीज नाहीच.

उगाच घाबरवत नाही. अमेरिकेत गवार गमच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्यांनी अन्ननलिका आणि आतडी तुंबल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९९० मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, त्या बाजारातून काढायला लावाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियाने ग्लुकोमॅननच्या गोळ्यांवर १९८०च्या दशकातच बंदी घातली. पावडर भरपूर पाण्यात कालवून घेतली तर ती आधीच भिजलेली असते, त्यामुळे धोका बराच कमी. कोरडी गोळी किंवा कॅप्सूल हाच खरा खोडा आहे.

नानांची साखरेची औषधंही आहेत. असं फायबर जेवणातली साखर सावकाश रक्तात उतरू देतं. एरवी चांगलंच, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बद्धकोष्ठाचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचार. नेहमीच्या औषधांतल्या एखाद्यानेही पोट धरत असेल, कोण जाणे.

आता तुझं. तू सकाळी थायरॉईडची गोळी घेतोस ना? मग ही कॅप्सूल तिच्या आसपास नको, निदान चार तासांचं अंतर ठेव. फायबर औषधाला आपल्यात धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. यातली मेख अशी की लगेच काहीच जाणवत नाही. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात, मग तू कंटाळून कॅप्सूल सोडतोस आणि तो वाढीव डोस अंगावर येतो. फिट्सवरचं कार्बामाझेपिन, मनाच्या आजारावरचं लिथियम, हृदयाचं डिगॉक्सिन अशा औषधांनाही हे लागू आहे. तेव्हा डॉक्टरांना आपणहून सांग. 'काही औषधं चालू आहेत का' असं विचारलं की लोक ही पावडर-कॅप्सूल मोजतच नाहीत.

गॅसचं म्हणशील तर इन्युलिनसारखं फायबर (हे इन्सुलिन नव्हे) मोठ्या आतड्यातले जिवाणू झपाट्याने आंबवतात, म्हणून पोट फुगतं, गुरगुरतं, कळा येतात. इसबगोल फारसं आंबत नाही, त्याचा त्रास त्यामानाने कमी. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर बहुतेकांचं पोट सरावतं. पाणी कमी पडलं तर मात्र उलटाच कारभार, ज्याने पोट साफ व्हायचं त्यानेच घट्ट होतं.

आणि वजन? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये ग्लुकोमॅननने वजन उतरतं हे मानलं ते असं: आहारात उष्मांक कमी केलेले असतील तर, रोज ३ ग्रॅम, जेवणाआधी एकेक ग्रॅम तीनदा, प्रत्येक वेळी एक-दोन ग्लास पाणी. हा 'तर' जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. नंतरच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. माझं मत विचारशील तर डाळी, भाज्या, सालासकट फळं वाढव, पैसे वाचव. पण तू ऐकणारा नाहीस, म्हणून एवढं तरी पाळ: बसून, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, आणि झोपायच्या आधी कधीच नाही. घेतल्यावर छातीत दुखलं, गिळता येईना, श्वास अडकला, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर वर आणखी पाणी ढोसत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

बाटलीच्या मागे घटकांची यादी असेल, तिचा फोटो पाठव. फायबरच्या नावाखाली रेचकही मिसळलेलं असतं कधी कधी, सेना, म्हणजे सोनामुखी, वगैरे. ते बघून पुढचं लिहितो. वहिनींना आणि नानांना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत