जुन्या स्लाइड वाचवायला हात आणि मदत हवी आहे

सर्व आजी-माजी सभासदांना नमस्कार.

पावसाळा संपल्यावर कार्यालयातलं आपल्या मोहिमांच्या स्लाइडचं (प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मवरच्या फोटोंचं) लोखंडी कपाट उघडलं, तर कुबट वास आला. राजगडाच्या सुवेळा माचीच्या स्लाइडवर कोळ्याने जाळं विणावं तशी बुरशी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचं आयतं खाद्य. तेव्हा सगळेच ट्रे बाहेर काढले आणि भिंगातून एकेक स्लाइड पाहिली.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र (धुक्यात दिसणारं गोल इंद्रधनुष्य) जुन्या मंडळींना आठवत असेल. दर वर्धापनदिनाला शेवटची स्लाइड तीच, आणि "परत लावा" असा गलका ठरलेला. ती आता पार फिकी झाली आहे. तिच्याच रोलमधली पुढची स्लाइड जरा हललेली म्हणून कधी लावलीच नव्हती. तिच्यातलं वर्तुळ तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत शाबूत आहे! दोन्ही कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मवरच्या. ही फिल्म बंद डबीत अनेक दशकं रंग धरून राहते, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे लवकर उतरते. थोडक्यात, ती स्लाइड आपणच टाळ्या वाजवून संपवली.

ऑर्वोचं दुखणं वेगळं. पूर्व जर्मनीची ही फिल्म परवडायची, म्हणून आपल्या बऱ्याच मोहिमा तिच्यावर आहेत. तिचे रंग अंधारातही उतरतात. लिंगाण्याच्या चढाईत आभाळ गुलाबी आणि कारवी विटकरी झाली आहे. कोडॅकच्याच जुन्या एक्टाक्रोम फिल्मचीही तीच गत. स्कॅन केल्यावर संगणकावर रंग थोडेफार सावरता येतात, पण फिल्मवर काही उरलं असेल तरच. म्हणून आधी ऑर्वो, मग एक्टाक्रोम, कोडाक्रोम शेवटी, असा क्रम ठरवला आहे. प्रोजेक्टरवर यापुढे मूळ स्लाइड लागणार नाही. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

यासाठी चालू स्थितीतला फिल्म स्कॅनर हवा आहे, उसना मिळाला तरी चालेल. ओलावा रोखणारं ड्राय कॅबिनेट आणि पॉलिप्रॉपिलिनचे कप्पे घ्यायचे आहेत (पीव्हीसीचे नकोत, ते फिल्मला बाधतात). त्यासाठी जमेल ती रक्कम द्या, पावती मिळेल. पैशांइतकीच गरज माणसांची आहे: धूळ झटकायला तरुण हात, आणि फोटोतले चेहरे व कडे ओळखायला जुने डोळे.

तुमच्या माळ्यावरही एखादा डबा असेल. स्लाइड ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात वाळवू नका. पुठ्ठ्याची चौकट फेकू नका. कोडॅकच्या चौकटीवर बऱ्याचदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते रोल धुतल्याचं, फोटो काढल्याचं नव्हे, तरी मोहीम शोधायला त्याचा उपयोग होतो.

दर शनिवारी संध्याकाळी 6 ते 8 कार्यालय उघडं आहे. डब्यावर आपलं नाव लिहून आणा. स्कॅन झाल्यावर तो जसाच्या तसा परत मिळेल.

— कार्यकारिणी